अनिर्णीत शेवट आणि निर्वहण

दूरचित्रवाणीवरील मालिकेचा शेवट संदिग्ध राहिला की प्रेक्षकांत दोन तट पडतात. एकास ती फसवणूक वाटते, दुसऱ्यास तीच कलात्मकता वाटते. वस्तुतः या वादाचे मूळ शेवटापेक्षा शेवटाविषयीच्या अपेक्षेत असते. ती अपेक्षा तपासल्यावाचून वादाचा निर्णय लागणे कठीण.

भरताच्या नाट्यशास्त्रात पाच संधी सांगितले आहेत, अखेरचा निर्वहण. मुखसंधीत पेरलेले बीज तेथे फलास यावे, असा संकेत आहे. नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वाराशी वसलेले गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा ज्या झाडीपट्टीत मोडते, तेथील रंगभूमीने हा संकेत लोकपरंपरेच्या बळावर सांभाळला आहे. धानाची कापणी आटोपून मंडई भरली की नाटक रात्रभर चालते, आणि पहाटे घरी परतणाऱ्या प्रेक्षकास कोणाचे काय झाले हे कळावे लागते. ही मागणी अडाणी नव्हे. ज्याने संपूर्ण रात्र दिली त्याने संपूर्ण कथा मागावी, हे न्याय्यच होय. मालिकेच्या प्रेक्षकाने तर वर्षे दिलेली असतात.

या दृष्टीने 'द सोप्रानोज' या अमेरिकन मालिकेचा १० जून २००७ रोजी प्रक्षेपित झालेला अंतिम भाग उद्बोधक आहे. गुन्हेगारी टोळीचा नायक टोनी उपाहारगृहात कुटुंबीयांची वाट पाहत असतो. दारावरची घंटा वाजते, तो मान वर करतो, आणि पुढे त्यास जे दिसते ते प्रेक्षकास दिसते. अखेरीस घंटा पुन्हा वाजते, तो मान वर करतो, आणि पडदा एकाएकी काळा होतो. आपला संच बिघडला, असे अनेकांस वाटले. तो काळोख म्हणजे टोनीचीच विझलेली दृष्टी, असा एका पक्षाचा युक्तिवाद. गोळीचा आवाज नाही, मारेकरी नाही, तेव्हा मृत्यू मानण्यास आधार नाही, असा दुसऱ्याचा.

दोन्ही पक्ष घटना शोधतात. परंतु नाट्यशास्त्रातील प्रश्न बीजाचा आहे. कोणत्याही क्षणी घात होईल या भयाखालील जगणे, हे या मालिकेचे बीज. शेवटच्या प्रसंगात उघडणाऱ्या प्रत्येक दाराबरोबर ते भय प्रेक्षकाच्या ठायी संक्रांत होते. घटना अनिर्णीत राहते. बीज मात्र फलास येते.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१४) या चित्रपटाचा शेवट याहून निराळा आहे. जब्याने हिणवणाऱ्यावर भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकाच्या दिशेने येतो आणि चित्रपट संपतो. येथे घटना स्पष्ट आहे. अनिर्णीत राहते ती जबाबदारी. डुकरे पकडणाऱ्या कुटुंबाची फजिती पाहून हसणाऱ्यांत आपण होतो की नाही, हे प्रत्येकाने स्वतः ठरवावयाचे असते.

तात्पर्य, संदिग्धता हा स्वतः गुण नव्हे आणि दोषही नव्हे. बीज फलास नेऊन घटना मोकळी सोडणारा लेखक प्रेक्षकाचा सन्मान करतो. बीजच विसरून, किंवा पुढील पर्वाच्या आशेने, कथा अर्ध्यावर टाकणारा त्याची वंचना करतो. रात्रभर जागलेल्या प्रेक्षकास हा भेद कळतो. त्याच्या तक्रारीस अरसिकता म्हणण्यापूर्वी समीक्षकाने बीज काय होते, हे पाहिले पाहिजे.