डीएक्स७ च्या जागी डेक्स्ड : स्टेजवर चालेल का?

यामाहाचा डीएक्स७ हा १९८३ चा सिंथेसायझर. तो उचलून नेण्याऐवजी लॅपटॉपवर डेक्स्ड हे मोफत सॉफ्टवेअर चालवता येतं. सहा ऑपरेटर, ३२ अल्गोरिदम अशी तीच रचना. मूळ वाद्याचे जुने पॅचही त्यात उघडतात. मग आपण एवढंच विचारतो: आवाज सारखा आहे का? बऱ्यापैकी आहे. पण कार्यक्रमासाठी हा प्रश्न अपुरा पडतो.

स्टेजवर आधी बघायचा तो उशीर. ४४,१०० हर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे त्या बफरमुळेच सुमारे ५.८ मिलिसेकंद, ५१२ ला ११.६. बफर लहान केला की उशीर घटतो, पण प्रोसेसरला वेळ पुरला नाही तर आवाज तडतडतो. घरी मी १२८ वर एकटा डेक्स्ड निवांत वाजवला. कार्यक्रमात सोबत इतर प्लगइन चालू होते आणि ऐन गाण्यात आवाज तुटला. चूक माझ्या चाचणीची होती.

म्हणून माझं मत: डेक्स्ड जरूर वापरा, पण आधी सगळे प्लगइन चालू ठेवून पूर्ण कार्यक्रम घरी एकदा वाजवून बघा. संशोधनाची तयारी करताय ना? मग प्रयोगाची परिस्थिती आधी लिहून काढा, मोजमाप नंतर.