तबकडी उलटताना : ‘द डार्क साइड ऑफ द मून’विषयी



मागच्या व्याख्यानात आपण अडोर्नोपाशी थांबलो होतो. बाजार विरोधाचा सूरसुद्धा विकायला काढतो, आणि विकला गेला की त्यातली धार जाते, असा साधारण त्याचा आक्षेप. तेव्हा एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, की सर, जी कलाकृती पैशावरच टीका करते आणि तीच कोट्यवधींनी खपते, तिचं काय करायचं? आज त्या प्रश्नाला हात घालू. उदाहरण पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमचं घेऊ.

आधी थोडी माहिती. अल्बम आला मार्च 1973 मध्ये. ध्वनिमुद्रण लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत झालं, ध्वनी-अभियंता ॲलन पार्सन्स. सगळी गीतं रॉजर वॉटर्सची. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम पहिल्या क्रमांकावर राहिला एकच आठवडा. पण त्या यादीत तो 1988 पर्यंत मिळून सातशेहून अधिक आठवडे होता! जगभरातला खप चार कोटींच्या पुढे असल्याचा अंदाज आहे. म्हणजे हे एका मोसमाचं यश नव्हे. पिढ्या बदलल्या, तरी लोक तो विकत घेत राहिले.

का घेत राहिले? नुसत्या सुरेलपणामुळे, असं आम्हाला वाटत नाही. या त्रेचाळीसेक मिनिटांत एका माणसाचं अख्खं आयुष्य मांडलं आहे. सुरुवातीला हृदयाचे ठोके, शेवटीही तेच. मधे धावपळ, वेळ, मृत्यू, पैसा, युद्ध आणि वेड. विषय तत्त्वज्ञानाच्या वर्गातले, पण मांडले आहेत आवाजांतून. ‘टाइम’ची सुरुवात ऐका. जुन्या घड्याळांच्या दुकानात पार्सन्सने एकेक घड्याळ वेगवेगळं मुद्रित केलं होतं. ती सगळी एकदम वाजतात आणि आपण दचकतो. हायडेगरने 1927 मध्ये मृत्यूच्या जाणिवेबद्दल जे लिहिलं, ते समजायला आमच्या विद्यार्थ्यांना एक सत्र लागायचं. दचकायला एक क्षण पुरतो. अर्थात दचकणं म्हणजे समजणं नव्हे, हेही लक्षात ठेवा.

आता या अल्बमच्या रचनेतली एक गोष्ट, जी आजच्या ऐकण्यात हरवली आहे. तो तबकडीसाठी बांधलेला आहे, आणि तबकडीला दोन बाजू असतात. पहिली बाजू संपते ‘द ग्रेट गिग इन द स्काय’वर. विषय मृत्यू. शब्द जवळजवळ नाहीतच, एका स्त्रीचा आवाज आकांत करतो आणि हळूहळू निवतो. मग सुई उचलायची, तबकडी उलटायची, सुई पुन्हा ठेवायची. आणि ऐकू काय येतं? नाण्यांची खणखण, गल्ला उघडल्याचा आवाज. ते ‘मनी’. ठेका सात मात्रांचा. रूपक ऐकलेल्या आपल्या कानांना सात मात्रा नव्या नाहीत, पण चार-चारवर चालणाऱ्या रॉकमध्ये त्या म्हणजे एक पायरी कमी असलेला जिना. माणूस सारखा अडखळतो.

मृत्यू आणि गल्ला यांच्यामध्ये श्रोत्याला स्वतः उठावं लागतं. आमच्या वसतिगृहातल्या खोलीत हे काम नेहमी कोणातरी एकावर यायचं, आणि तेवढा वेळ बाकीचे गप्प असायचे. आज मोबाइलवर एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं. ती गप्प राहण्याची जागा उरलेली नाही.

आता टीकेकडे वळू. ‘मनी’ आम्हाला या अल्बमचा सर्वांत कच्चा विचार वाटतो. त्यात पैसा म्हणजे एका हावऱ्या माणसाची खोड. त्याला हसलं की झालं, आपण सुटलो! पण मार्क्सने आपल्याला शिकवलं ते वेगळं आहे. पैसा हा माणसामाणसांतला संबंध आहे, आणि तो वस्तूच्या आड लपतो. ‘अस अँड देम’मध्ये अल्बम या जागी पोचतो. हुकूम देणारे मागे, मरणारे पुढे. आणि शेवटी चहा-पावाच्या किमतीअभावी जाणारा म्हातारा. तिथे दोष कोणा एकाच्या स्वभावात नाही, दोन माणसांमधल्या अंतरात आहे.

आणि हे अंतर खुद्द या अल्बमच्या आत आहे, बरं का. तो आकांत करणारा आवाज क्लेअर टोरी या गायिकेचा. वय पंचवीस. रिचर्ड राइटच्या पियानोवर, हातात शब्द नसताना, तिने तिथल्या तिथे ते गायलं. रविवारचं काम म्हणून मानधन दुप्पट, म्हणजे 30 पौंड. गायिका म्हणून तिचं नाव छापलं गेलं, पण रचनाकार म्हणून एकट्या राइटचं. 2004 मध्ये ती न्यायालयात गेली, 2005 मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून रचनेवर तिचंही नाव आहे. बत्तीस वर्षं लागली.

मग अल्बम खोटा ठरतो का? आमचं उत्तर, नाही. खपला म्हणून तर मुळीच नाही. खपाने कलाकृती खोटी ठरत नाही; तिने ज्यांचं घेतलं त्यांचं देणं नाकारलं, तर तिच्यावर डाग पडतो. डाग पडला, हे मान्य केलं पाहिजे. पण तो आपल्याला दिसतो कशामुळे? ‘आपण आणि ते’ हा भेद ऐकायला याच अल्बमने आपला कान तयार केला म्हणून. अडोर्नोचा आक्षेप इथे अपुरा पडतो. विकली गेलेली कलाकृतीसुद्धा ऐकणाऱ्याच्या हाती अशी कसोटी देऊन जाते, जी उलटून तिच्यावरच लावता येते.

एक शेवटचं. ‘टाइम’ लिहिलं तेव्हा वॉटर्स तिशीच्या आत होते. त्यांची भीती अशी, की शर्यत केव्हाच सुरू झाली आणि आपल्याला कोणी सांगितलंच नाही. तरुणपणी आम्हाला ती भीती अगदी आपली वाटायची. आता सत्तरी ओलांडल्यावर वाटत नाही. शर्यतीत मागे राहिल्याचं दुःख वयाबरोबर विरतं. विरत नाही ते दुसरंच. आमच्या प्रबंधाची साडेतीनशे पानं आमच्या पत्नीने रात्री जागून टंकलिखित केली, आणि आमची दोन कलमं विसंगत आहेत हेही तिनेच दाखवलं. ऋणनिर्देशात तिला मिळाली शेवटून दुसरी ओळ, ‘टंकलेखनासाठी’. ती दुरुस्ती मागायला कुठल्या न्यायालयात गेली नाही. म्हणून आज इथे सांगतो, प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिच्या आक्षेपामुळे उभं राहिलं.

घरी गेल्यावर अल्बम ऐका. पाचवी रचना संपली की थांबवा. उठा, पाणी प्या, आणि मग पुढचं लावा. मधल्या वेळात आपल्या कामावर कोणाचं नाव राहून गेलंय, ते आठवून बघा.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.