भार आणि नादजाती : हेवी मेटल गिटारच्या ध्वनीची एक चिकित्सा

संगीतशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत नादाचे तीन धर्म सांगितलेले असतात : लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. पहिल्यामुळे नाद किती दूरवर ऐकू जातो हे ठरते, दुसऱ्यामुळे त्याचे सप्तकातील स्थान कळते आणि तिसऱ्यामुळे तो सनईचा की सारंगीचा हे डोळे मिटूनही ओळखता येते. हेवी मेटल या पाश्चात्त्य संगीतप्रवाहाविषयी जे बोलले जाते त्यात पहिल्या आणि तिसऱ्या धर्माची गल्लत झालेली वारंवार आढळते. हे संगीत मोठ्या आवाजाचे, म्हणून ते 'हेवी', अशी निंदकांची समजूत असते आणि आश्चर्य असे की चाहत्यांची समजूतही फारशी निराळी नसते. निंदक ज्याला दोष म्हणतो त्याला चाहता गुण म्हणतो, एवढाच काय तो फरक. प्रस्तुत लेखकाच्या मते या संगीतातील भार हा नादाच्या जातीचा धर्म आहे आणि ती जाती प्रामुख्याने वजाबाकीतून सिद्ध होते. पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या रचनेचा विचार केल्याशिवाय हे विधान तपासता येणार नाही. म्हणून पुढील विवेचनात थोडे तंत्रशास्त्र अपरिहार्य आहे.

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत विद्यार्थ्यांची वाद्यवृंदे ऐकण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर अनेकदा आला आहे. दोन गिटारवादक असतात, दोघांच्याही अ‍ॅम्प्लिफायरवरील 'गेन' आणि 'बास' या खुंट्या शेवटपर्यंत फिरवलेल्या असतात आणि ज्या रचनेचा सराव महिनाभर चाललेला असतो ती ओळखूही येत नाही. सभागृहात एक सलग गुरगुर भरून राहते. तीत भार मुळीच नसतो. विद्यार्थी दोष स्वस्त वाद्याला देतात आणि पुढल्या वर्षी अधिक 'गरम' पिकअप बसवून येतात. त्यानंतरची गुरगुर अधिक दाट असते, इतकेच.

असे का होते? गिटारच्या तारेखाली चुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तोच अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हकडे जातो. व्हॉल्व्हला पेलवेल त्याहून मोठा संदेश मिळाला की लहरीचे माथे कापले जातात. मूळची गोलाई जाऊन लहर सपाट माथ्याची होते आणि स्वरासोबतचे उपस्वर बळावतात. यालाच विरूपण किंवा रूढ भाषेत डिस्टॉर्शन म्हणतात. येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. माथे कापले गेल्यावर आघात जोरात केला काय किंवा हलका केला काय, बाहेर येणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे गेन वाढवल्याने लहानमोठेपणा वाढत नाही, उलट मोठे आणि लहान यांतील अंतर मिटत जाते. स्वर लांबतो, पण आघाताची धार बोथट होते. शिवाय तारेच्या कंपनात खर्जाचा अंश सर्वांत बलवान असल्याने व्हॉल्व्हमध्ये प्रथम तोच सपाट होतो आणि त्याच्याबरोबर वरचे सारे स्वर हेलकावे खाऊ लागतात. सभागृहातील गुरगुर ती हीच.

आता या नादजातीच्या उगमाकडे वळू. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे धातूच्या कारखान्यांचे शहर. तेथील टोनी आयोमी हा तरुण पत्रे कापण्याच्या कारखान्यात काम करी. वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन मधल्या बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने स्वर दाबण्याचा हात नेमका उजवा. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले आणि जाड तारा दाबणे अशक्य झाल्यामुळे बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. ही कथा चाहत्यांच्या वर्तुळात इतकी सांगितली गेली आहे की तिला आता पुराणकथेचे रूप आले आहे. परंतु तीतून काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे दुःखातून कला जन्मली वगैरे, प्रस्तुत लेखकाला फारसा उपयुक्त वाटत नाही. उपयुक्त आहे ती वस्तुस्थिती. ज्याच्या ध्वनीला पुढे सर्वांत वजनदार मानले गेले त्याच्या गिटारवर बारीक तारा होत्या.

दुसरी वस्तुस्थिती याहून बोलकी आहे. ब्लॅक सॅबथ या त्याच्या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप बिघडला आणि त्याने राखीव म्हणून आणलेली गिब्सन एसजी हाती घेतली. तिच्यावरील पिकअप एकवेटोळी, सिंगल कॉइल जातीचे होते. आज हेवी मेटलसाठी अनिवार्य मानला जाणारा दुवेटोळी 'हमबकर' या प्रवाहाच्या आरंभबिंदूपाशी नव्हताच. गिटार आणि बर्मिंगहॅमच्याच लेनी कंपनीचा शंभर वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये डॅलस रेंजमास्टर नावाची एक छोटी पेटी होती. तिचे पूर्ण नाव सांगते त्याप्रमाणे ती 'ट्रेबल बूस्टर', म्हणजे तारसप्तकाकडील अंश उचलून देणारी पेटी होय. आत जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर आणि आरंभी एक अगदी लहान कपॅसिटर, जो खर्ज अडवतो. म्हणजे व्हॉल्व्हपाशी पोचण्यापूर्वीच संदेशातून खर्ज काढून टाकलेला आहे. व्हॉल्व्ह मधल्या आणि वरच्या अंशावर विरूपण करतो, त्यामुळे ते विरूपण स्वच्छ, दाणेदार राहते.

मग ऐकणाऱ्याला जो खर्ज जाणवतो तो येतो कोठून? येथे हेवी मेटलच्या मूलभूत स्वरयुग्माचा विचार करावा लागतो. या संगीतात गंधार वगळून केवळ षड्ज आणि पंचम एकत्र छेडले जातात. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. षड्ज-पंचमाचे प्रमाण २:३ आहे. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ८२ आणि तिच्या पंचमाची सुमारे १२३. हे दोन स्वर एकाच व्हॉल्व्हमधून विरूपित होऊन गेले की त्यांच्या फरकाइतका, सुमारे ४१ कंपनांचा, तिसरा नाद उत्पन्न होतो. तो मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली असतो. तो कोणी छेडलेला नसतो, कोणत्याही तारेवर नसतो. गंधार मिसळला तर हे फरकस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, कारण पाश्चात्त्य समविभाजित सप्तकातील गंधार नैसर्गिक गंधाराहून चढा आहे. पंचम मात्र जवळजवळ शुद्ध आहे. पॉवर कॉर्डमध्ये गंधार नसणे हे वादकांच्या अज्ञानाचे लक्षण मानणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडून पाहावा. अर्थात ध्वनिक्षेपकाच्या पेटीतून हा नाद पूर्ण बळाने बाहेर येत नाही. कानाला त्याची चाहूल लागते आणि उरलेले काम बास गिटार करते. गीझर बटलरची बास वजा करून ब्लॅक सॅबथ ऐकता आले तर आयोमीचा ध्वनी किती सडपातळ आहे हे ध्यानात येईल. आपण ज्याला गिटारचा भार म्हणतो तो निम्मा बटलरचा आहे.

मराठी वाचकाला येथे तंबोऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. मिरजेचे कारागीर घोडीला जवारी लावतात आणि तारेखाली दोरा सरकवतात, तेव्हा साध्या तारेतून उपस्वरांचा झोत उठतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीमुळे यंग-हेल्महोल्ट्झ नियमाप्रमाणे जे उपस्वर ऐकू येऊ नयेत तेही ऐकू येतात. तारेच्या 'शुद्ध' कंपनात मुद्दाम केलेला हस्तक्षेप नादाला समृद्ध करतो ही कल्पना म्हणून आपल्याला परकी नाही. परंतु हे साम्य फार ताणू नये. तंबोऱ्याची प्रत्येक तार आपापल्या ठिकाणी समृद्ध होते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सहाही तारा एकाच व्हॉल्व्हच्या तोंडातून जातात आणि परस्परांत गुंततात. म्हणूनच तेथे काय आत जाऊ द्यायचे हा प्रश्न इतका महत्त्वाचा ठरतो.

पिकअपच्या इतिहासाकडेही या दृष्टीने पाहता येते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हमबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो केवळ वीजप्रवाहाची घरघर घालवण्यासाठी. दोन वेटोळी उलट दिशेने गुंडाळली आणि चुंबकांची टोकेही उलटी ठेवली की घरघर परस्परांना छेदते आणि तारेचा संदेश मात्र दुणावतो. जोरदार संदेश हा या योजनेचा उपपरिणाम होता. १९७२ च्या डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शनने मात्र या उपपरिणामालाच ध्येय केले. वेढे वाढवले की संदेश वाढतो खरा, पण वरचे उपस्वर मंदावतात, म्हणून केवळ वेढ्यांच्या मार्गाने गेल्यास नाद जाड आणि आंधळा होतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या ईएमजी-८१ या पिकअपने वेढे कमी ठेवून आतच लहानसा प्रवर्धक बसवला. त्याच्या यशाचे श्रेय सामान्यतः त्याच्या ताकदीला दिले जाते, पण त्याच्या शांततेला आणि वरच्या अंशाच्या स्पष्टतेला ते अधिक द्यायला हवे.

वजाबाकीचे हे तत्त्व मेटॅलिकाच्या १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये सर्वांत जाणीवपूर्वक वापरलेले दिसते. कोपनहेगन येथे मुद्रित झालेल्या या ध्वनिमुद्रिकेत मेसा बूगी मार्क-२सी-प्लस हा अ‍ॅम्प्लिफायर वापरला आहे. त्याच्या रचनेत स्वरनियंत्रणाच्या खुंट्या विरूपणाच्या आधी येतात आणि पाच दांड्यांचा इक्वलायझर नंतर. जाणकार वादक बासची खुंटी जवळजवळ शून्यावर ठेवतो, म्हणजे विरूपण कोरडे आणि घट्ट होते. मग ८० हर्ट्झची दांडी वर करून तोच खर्ज विरूपण झाल्यानंतर परत आणतो. आधी काढायचे आणि नंतर ठेवायचे. जेम्स हेटफील्ड तळहाताची कड घोडीजवळ टेकवून केवळ खालच्या दिशेने आघात करतो, तेव्हा प्रत्येक आघात वेगळा ऐकू येतो आणि दोन आघातांमधील शांतताही. भार त्या शांततेत आहे, असे म्हणावेसे वाटते.

दोनच वर्षांनी त्याच वृंदाची '... अँड जस्टिस फॉर ऑल' ही ध्वनिमुद्रिका आली. तीत गिटारचा मध्यभाग पोखरून काढला आहे, खालचा आणि वरचा अंश फुगवला आहे आणि जेसन न्यूस्टेडची बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. रचना म्हणून ती कदाचित अधिक महत्त्वाकांक्षी असेल, पण नाद म्हणून ती पोकळ आहे. गिटारने बासची जागा बळकावली आणि स्वतःची सोडली. गिटारचा स्वर मुख्यतः मध्यभागात वसतो. तो काढून टाकण्याची जी फॅशन पुढे घरोघरी पसरली तिच्यामागे ही ध्वनिमुद्रिका आणि घरातल्या एकट्या सरावाची सवय, दोन्ही असाव्यात. एकट्याला तो पोखरलेला ध्वनी भव्य वाटतो. ढोल-झांजांबरोबर उभा राहताच तो नाहीसा होतो. स्नेहसंमेलनातील दोन गिटारांची तीच कथा आहे.

व्हॉल्व्हवाचून हे सारे अशक्य, असाही एक समज आहे. पँटेराचा डाइमबॅग डॅरेल १९९० च्या 'काउबॉइज फ्रॉम हेल'मध्ये रँडॉल कंपनीचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर वापरतो आणि त्याचा करवतीसारखा ध्वनी त्या कोरडेपणाशिवाय कल्पिता येत नाही. तेव्हा या समजावर अधिक शब्द खर्चण्याचे कारण नाही.

आमच्या प्रतिपादनाला खरे आव्हान मिळते ते स्वीडनमधून. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कॉग्सबर्ग यांनी मुद्रित केलेल्या एंटूम्डच्या 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०) या ध्वनिमुद्रिकेत बॉस कंपनीची एचएम-२ ही पेटी वापरली आहे. या ध्वनीची प्रसिद्ध कृती अशी की पेटीच्या चारही खुंट्या शेवटपर्यंत फिरवायच्या. येथे संयम नाही, वजाबाकी नाही, आणि तरीही भार आहे. यावर असे उत्तर देता येईल की त्या पेटीचे मंडलच एक हजार हर्ट्झच्या आसपासचा अंश विलक्षण उचलते, म्हणजे निवड झालेलीच आहे, फक्त ती वादकाऐवजी जपानी अभियंत्याने केली आहे. बारा इंची ध्वनिक्षेपकही सुमारे ५००० हर्ट्झच्या वरचे बरेचसे गाळून टाकतो, नाहीतर हा ध्वनी डासांच्या थव्यासारखा लागला असता. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. परंतु ध्वनिमुद्रिका प्रत्यक्ष ऐकताना ते पुरेसे वाटत नाही. तेथे आघात खरोखरच एकमेकांत मिसळतात, कडा पुसल्या जातात आणि ओल्या मातीची दरड खाली यावी तसा तो नाद अंगावर येतो. आयोमीचा भार पायरीपायरीने पडणाऱ्या पावलांचा आहे, हा दरडीचा. एकाच शब्दाने आपण दोन निरनिराळ्या नादजातींना संबोधत आहोत, आणि दुसरीचे नियम वेगळे मांडावे लागतील.