उलट्या बाजूची मिनाकारी

हैदराबादेत तारनाक्यावरून उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात शिरले की कला महाविद्यालयाची गुलाबी ग्रॅनाइटची इमारत समोर येते. बेल्जियन वास्तुविशारद अर्नेस्ट जास्पर यांच्या आराखड्याची ही वास्तू १९३९ मध्ये खुली झाली. बाहेर भव्य इस्लामी कमान, आत वेरूळ-अजिंठ्याची आठवण देणारे खांब. तरी कुठे ठिगळ लावल्यासारखे वाटत नाही. त्या काळातले उंची दागिनेही याच कसोटीवर पाहावेत. उसने घेतलेले नव्या रचनेत मुरले का?

पॅरिसची नजर तेव्हा पूर्वेकडे होती. १९१० मध्ये रशियन बॅलेचे ‘शेहेराझाद’ रंगमंचावर आले आणि निळ्याशेजारी हिरवा ठेवण्याचे धाडस जवाहिऱ्यांनाही झाले. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली आणि इजिप्तची कमळे दागिन्यांवर उमलली. हिंदुस्थानकडून मात्र नक्षीसोबत रत्नेही गेली. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने फ्रेंच जवाहिऱ्या जाक कार्तिए इथे आला. पुढे त्याच्या पेढीने पाने-फुले कोरलेले पाचू, माणके आणि नीलम प्लॅटिनममध्ये गुंफले. १९३६ मध्ये डेझी फेलोज यांच्यासाठी घडवलेला हार हा त्याचा कळस.

या हाराचे मोल कळायला आपला जडाव जवळून पाहावा लागतो. जडावात खडा लाखेवर बसतो, खाली चकाकता वर्ख असतो आणि कडेने शुद्ध सोन्याचे कुंदन दाबून भरतात. पाठ बंद असते. तिच्यावर मिनाकारी चढते. उजेड पुढून शिरतो आणि वर्खावरून परततो. प्लॅटिनम चिवट असल्याने बारीक काट्यांत खडा पेलतो आणि पाठ मोकळी राहते. पॅरिसने पाने-फुले आपली घेतली, पण उजेडाची वाट बदलली. म्हणून त्या कामाला मी नक्कल म्हणणार नाही. दोष आहे तो श्रेयाचा: पेढीचे नाव जगभर झाले, खडे कोरणारे हात निनावी राहिले.

उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी पॅरिसच्या शोमे पेढीकडून नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले. यशवंतराव होळकरांनी मराठी दरबारी पोशाखात, तेच हिरे गळ्यात घालून, बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराकडून आपले चित्र काढून घेतले. परकी घडण आणि आपला थाट त्यात सुखाने नांदतात. हैदराबादच्या सातव्या निजामाच्या खजिन्यात सरपेच, बाजूबंद आणि बसरा मोत्यांचा सतलडा होता. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथला लग्नाचा आहेर म्हणून त्यांनी दिला तो मात्र कार्तिएचा हिऱ्यांचा हार.

आजचे चित्र निराश करणारे आहे. हैदराबाद असो की पुणे, सराफी दुकानांत ‘अँटिक’ आणि ‘पेशवाई’ नावाचे विभाग भरलेले दिसतात. साच्यात ओतलेले सोने काळसर पॉलिशने जुने केले जाते. चिंचपेटीचा आणि तन्मणीचा आकार जसाच्या तसा उचलला जातो. या मागणीवर अनेक कारागिरांची चूल पेटते, हे मान्यच. पण कोल्हापुरी साजाच्या प्रत्येक पानाला स्वतंत्र आकार देणारी कल्पकता इथे कुठे दिसते? जुन्याचा नुसता पृष्ठभाग विकला जातो आहे. रचना समजून घेऊन ती पुढे नेणे थांबले आहे.

यावर उपाय आहे. केंद्र सरकारने १९९५ मध्ये सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतलेले निजामाचे १७३ दागिने रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतात आणि क्वचितच प्रदर्शनात येतात. ते हैदराबादेत कायमचे मांडावेत, आणि असे मांडावेत की पाठीवरची मिनाकारीही दिसेल. डिझाइनच्या विद्यार्थ्यांना आणि सराफकट्ट्यावरच्या कारागिरांना तिथे बसून रेखाटने करू द्यावीत. आणि नवा दागिना घडला की पावतीवर पेढीसोबत घडवणाऱ्याचेही नाव छापावे. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसने आपल्या कामाचा जेवढा बारकाईने अभ्यास केला, तेवढा आपण केला तरच ही कला पुढे सरकेल.