विठ्ठलरावांचें चरित्र आणि नारबाचा ‘गोतावळा’

उद्योजकाचें चरित्र वाचावयाचें तें स्फूर्तीसाठीं आणि कादंबरी वाचावयाची ती विरंगुळ्यासाठीं, अशी आपण या दोन वाङ्मयप्रकारांची वाटणी करून टाकली आहे. परंतु एकच स्थित्यंतर जेव्हां दोहोंच्या मुळाशीं असतें, तेव्हां ही वाटणी टिकत नाहीं. विठ्ठलराव विखे पाटील यांचें जीवन आणि आनंद यादव यांची ‘गोतावळा’ ही १९७१ सालची कादंबरी यांची जोडी मला या प्रकारची वाटते. शेतीच्या दारीं यंत्र आलें म्हणजे जुन्या नात्यांचें काय होतें, हा प्रश्न दोन्हींकडे आहे.

विठ्ठलराव हे अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील लोणीचे शेतकरी. शालेय शिक्षण बेताचें. पण १९२३ सालीं त्यांनीं गांवांत सहकारी पतपेढी काढली. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. कालव्याच्या पाण्यावर ऊंस उभा राहिला, तरी गुळाचा भाव व्यापाऱ्याच्या हातीं व शेतकऱ्याची मान सावकाराच्या हातींच राहिली. तेव्हां शेतकऱ्यांनींच कारखाना काढावा, या विचारानें त्यांनीं गांवोगांव फिरून भाग गोळा केले. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला, आणि १९५० सालीं धुराड्यांतून धूर निघाला. पुढें १९६१ सालीं विठ्ठलरावांना ‘पद्मश्री’ मिळाली. १९८० सालीं ते निवर्तले.

‘गोतावळा’चा नायक नारबा हा दुसऱ्याच्या शेतावरचा गडी आहे. बायको नाहीं, मूल नाहीं. मळ्यांतील बैल, म्हशी, कुत्रीं, पांखरें हेंच त्याचें गणगोत. मालक ट्रॅक्टर घेतो, जनावरें मळ्यांतून जातात, आणि नारबाचें घर न मोडतांच मोडतें. सारी कथा त्याच्याच तोंडून, कागलकडच्या बोलींत येते. त्यामुळें मालकाची हिशेबाची वही आपल्यापुढें कधीं उघडत नाहीं. ही कादंबरीची मर्यादा खरी. पण तिचें बळही त्यांतच आहे. यंत्र ज्यानें आणलें त्याचें म्हणणें जगाला नेहमींच ऐकूं येतें. यंत्र ज्याच्यावरून गेलें तो येथें प्रथमच इतका वेळ बोलत राहतो.

या दोहोंची तुलना मी वर्गांत पुष्कळ वर्षें एकाच रीतीनें करीत आलों. कादंबरींतील यंत्र एकाच्या मालकीचें, म्हणून त्यानें नातें तोडलें. लोणीचें यंत्र अनेकांच्या मालकीचें, म्हणून त्यानें नातें जोडलें, असें माझें सूत्र होतें. तें नेटकें होतें व परीक्षेस उपयोगी होतें. एके वर्षीं पाथर्डीकडच्या एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें, “सर, नारबा कारखान्याचा सभासद झाला असता का?” मीं उत्तर दिलें नाहीं, कारण उत्तर सरळ होतें. सभासद व्हावयाचें तर ऊंस हवा, आणि ऊंस हवा तर जमीन हवी. नारबाजवळ जमीन नव्हती. त्या विद्यार्थ्याचे आईबाप दर हंगामास ऊंसतोडीला जात, हें मला नंतर कळलें.

त्या दिवसापासून मला एका शब्दानें छळलें आहे. ऊंसतोडीच्या व्यवहारांत नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि टोळी मोजतो तीही कोयत्यांनीं. नारबा बैलाला माणसाचें नातें देतो; हा व्यवहार माणसांच्या जोडप्याला हत्याराचें नांव देतो. आणि पहा, जे बैल यंत्रामुळें नारबाच्या मळ्यांतून गेले, तेच बैल कारखान्याच्या वजनकाट्यावर ऊंसाच्या गाड्या ओढीत आलेले आपण इतकीं वर्षें पाहिले आहेत. यंत्रानें त्यांना सोडलें नाहीं. फक्त त्यांचा गोतावळा काढून घेतला.

म्हणून विठ्ठलरावांचें कार्य उणें ठरतें काय? मुळींच नाहीं. सावकाराच्या दारांतून उठून आपल्या मालाचा भाव आपण ठरवूं पाहणारा शेतकरी ही सामान्य क्रांति नव्हे. आणि ती करणारा मनुष्य नारबाचा शत्रु नव्हता. पण चरित्र धुराडें उभें राहिलें कीं कृतार्थ होतें. त्या धुराड्याच्या सावलींत कोण बसलें आहे, हें विचारण्याचें काम कादंबरीनें करावयाचें असतें. विठ्ठलरावांनीं विचारलें होतें कीं, ऊंस पिकविणारा साखरेचा धनी कां नसावा. हाच प्रश्न ऊंस तोडणाऱ्यासाठीं विचारणें हें त्यांच्या चरित्राशीं भांडण नव्हे. तें चरित्र पुढें लिहिणें आहे.

आतां मी तें जुनें सूत्र शिकवीत नाहीं. चरित्र शिकवितों, कादंबरी शिकवितों, आणि त्या मुलाचा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवतों.