‘साठी’ आणि ‘मुळे’ : जिवाणूंच्या रूपांतराची भाषा

‘प्रतिजैविकांपासून वाचण्यासाठी जिवाणू आकार बदलतात’ हे वाक्य सुबोध आहे. परंतु त्यातील हेतुवाचक ‘साठी’ कितपत साधार आहे, हे तपासावयास हवे.

पेनिसिलिनच्या अल्प मात्रेत जिवाणू विभागल्यावाचून लांबत जातात, असे गार्डनर यांनी 1940 मध्ये नोंदविले. तेथे औषधामुळे विभाजनाच्या जागी भित्तिकाच बांधली जात नाही. ही लांबी आघाताची खूण होय. येथे ‘मुळे’ हेच अव्यय योग्य. सिप्रोफ्लॉक्सॅसिनने डीएनएला इजा होते तेव्हा मात्र ई. कोलाय हा जिवाणू ‘सुला’ नावाचे प्रथिन निर्माण करून विभाजन थांबवितो व दुरुस्तीस अवधी मिळतो. ही यंत्रणा उत्क्रांतीत टिकून राहिलेली असल्याने येथे ‘साठी’ मर्यादित अर्थाने क्षम्य ठरते. 2021 मध्ये शिलादित्य बॅनर्जी व सहकाऱ्यांनी क्लोरॅम्फेनिकॉलच्या सान्निध्यात कॉलोबॅक्टर जिवाणू रुंद व अधिक वक्र होत असल्याचे दाखविले. त्यायोगे घनफळाच्या मानाने पृष्ठभाग घटतो आणि औषधाचा शिरकाव मंदावतो, असे त्यांचे गणित सांगते. येथे लाभ दिसतो. परंतु लाभ म्हणजे हेतू नव्हे.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. आकारातील असा पालट बहुधा औषध सरताच ओसरतो. जनुकीय बदलातून आलेला प्रतिरोध मात्र पुढील पिढ्यांत उतरतो. मुंबईस ग्रासणारा औषधप्रतिरोधी क्षय या दुसऱ्या प्रकारचा. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अशा चार रुग्णांच्या रोगास ‘संपूर्ण औषधप्रतिरोधी’ म्हटले. काही औषधांच्या चाचण्या पुरेशा विश्वसनीय नसल्याने जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी ही संज्ञा टाळावी असे सुचविले. एका विशेषणाचाही असा काटेकोर विचार करावा लागला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दोन्ही घटनांना ‘जंतू रूप पालटून औषधास चकवितो’ या एकाच वाक्यात कोंबले, तर गोवंडी वा घाटकोपरच्या दाट वस्तीतील वाचकास जंतूची धूर्तता तेवढी दिसेल. चुकीची औषधयोजना, अपुरी मात्रा, अर्धवट सुटलेला उपचार ही कारणे वाक्याबाहेर राहतील. ‘साठी’ने कर्तृत्व जंतूकडे जाते. ‘मुळे’ लिहिणाऱ्यास मात्र ‘कशामुळे?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात द्यावे लागते.