जुळ्यांचा अभ्यास आणि किशोरवयातील मद्यपान

‘मद्यपान ४० टक्के आनुवंशिक असते’ असे वाक्य वाचलेत, तर आधी त्यामागचे गणित पाहा. समजा, एकबीज जुळ्यांतील सहसंबंध ०.८ आणि द्विबीज जुळ्यांतील ०.६ आहे. फरक ०.२, त्याची दुप्पट ०.४, फॉल्कनरच्या सूत्राने हीच आनुवंशिकता. पण एकबीज जुळी बहुधा मित्रांच्या एकाच टोळक्यात वावरतात. त्या सोबतीनेच पहिला आकडा ०.१ ने फुगला असेल, तर खरे उत्तर ०.२, म्हणजे निम्मे! मोजमापातली चूक दुप्पट करणारे उपकरण आपण प्रयोगशाळेत बिनतक्रार वापरले असते का?

तरीही पद्धत टाकाऊ नाही. फिनलंडमध्ये १९७५ ते १९७९ दरम्यान जन्मलेल्या जुळ्यांवरील ‘फिनट्विन १६’ प्रकल्पात रिचर्ड रोज, याक्को काप्रियो, डॅनिएल डिक यांना दिसले, की सोळाव्या वर्षानंतर जनुकांचा वाटा वाढत जातो आणि शहरांत तो खेड्यांपेक्षा जास्त असतो. (हे निष्कर्ष पिण्याच्या वारंवारतेविषयी आहेत, व्यसनाविषयी नव्हेत, पाठ्यपुस्तके हा भेद सर्रास पुसतात.)

आनुवंशिकता म्हणजे स्थिरांक नव्हे. फिनलंडचा आकडा इथे कुंभकोणमला लावू नका. तमिळनाडूत २००३ पासून किरकोळ विक्री सरकारी टास्मॅककडे आहे, आणि २१ वर्षांखालील ग्राहकाला मनाई. गडचिरोलीत १९९३ पासून, कागदावर तरी, दारूबंदी आहे. बाटली किती सहज हाती लागते, यावर जनुकांचा वाटा बदलेल.